चौकट सरळच होती

४ जानेवारी

धाकट्या,

भरपूर आशीर्वाद. हे पत्र वहिनीबाई तुला वाचून दाखवतील, तेव्हा त्यांनाही आशीर्वाद, हवे असतील तर. मी फोन केला की त्या उचलत नाहीत, आणि चुकून उचललाच तर ‘झोपलेत’ म्हणून ठेवून देतात. माणूस एवढा झोपतो होय? म्हणून शेवटी कागद-पेन काढलं. वहिनीबाई, अक्षर न् अक्षर वाचा. मधलं काही गाळू नका, मला कळतं.

माझं बरं चाललंय. शाळेत शिवण शिकवलेल्या मुली आता आपल्या लेकींचे कपडे घेऊन येतात आणि दारातूनच ‘बाई, एवढी बाही बसवून द्या’ म्हणून गळ घालतात. मीही बसवून देते. नाही म्हटलं तर दिवस कसा जायचा? साखरेची गोळी चालू आहे. साखर आटोक्यात आहे. म्हणजे तपासली नाही, पण आपलं आपल्याला आतून कळतंच की.

एक विचारायचं होतं. थोडे दिवस झाले, भिंतीकडे पाहिलं की डोळ्यांपुढे काळे धागे तरंगतात. मी परवा काळी माशी समजून हातपंख्याने हाकलत बसले आणि पंखा दुधाच्या भांड्यावर आपटला. डोळा दुखत नाही, दिसतंही चांगलं. चष्म्याचा दुकानदार म्हणतो नंबर बदलला असेल. तुला सुरुवातीला असंच व्हायचं का रे? काय करावं ते सांग. तू सांगशील तसं करीन.

वहिनीबाईंनी पानामागे काही टीप लिहिली तरी चालेल. मी रागावत नाही.

तुझी
अक्का


१७ जानेवारी

अक्का,

तुझं पत्र ऐकलं. मी आता मोठा माणूस झालोय, मी सांगतो आणि माझी कारकून लिहिते. ही पेन इतकं दाबून लिहिते की नुसत्या आवाजावरून मला कळतं कुठल्या वाक्याला हिचं डोकं फिरलंय. तुझ्या नावाला सगळ्यात जास्त आवाज येतो.

ही दुपारी रंगाच्या दुकानात कामाला जाते, संध्याकाळी मीही तिथे जाऊन बसतो. कुणी डबा उघडला की वासावरून तेलाचा की पाण्याचा ते सांगतो. मालक म्हणतो, तुम्ही दुकानाची शोभा. एवढी वर्षं गावभर पाट्या रंगवल्या तेव्हा कुणी शोभा म्हटलं नाही! न्हाव्याच्या दुकानावर माझी पाटी अजून आहे. मी जाता-येता तिच्यावर बोटं फिरवतो. शेवटचं अक्षर जरा घाईत उरकलं होतं, ते आता बोटांना लागतं. उजेड आहे की अंधार एवढं कळतं, बाकी काही नाही. पण उजेड कळतो हेही काही कमी नाही.

दुधाचं भांडं कशाने सांडलंस? ही म्हणाली ‘काहीतरी माशीबिशी’. सांभाळून राहा. तब्येतीचं तू काहीच लिहिलं नाहीस.

तुझा
धाकटा

(मागच्या बाजूला)

अक्का,

ही बाजू मी त्यांच्या नकळत लिहितेय. तुमच्या डोळ्यांचा भाग मी त्यांना वाचून दाखवला नाही. गाळला. तुम्हाला कळतं म्हणालात, तर आता कळू दे.

तीन वर्षांपूर्वी यांच्या डोळ्यांच्या पडद्यावर साखरेने खराब झालेल्या बारीक रक्तवाहिन्या डॉक्टरांना दिसल्या. नवीन, कच्च्या वाहिन्या उगवायला लागल्यात, त्या फुटायच्या आत लेझर करू म्हणाले. तारीखही ठरली. आदल्या संध्याकाळी तुम्ही पिशवी घेऊन हजर. इथे, याच टेबलाशी बसून म्हणालात, ‘तुला दिसतंय ना? दुखत नाही ना? मग कशाला धडधाकट डोळे जाळून घेतोस? माझी शपथ आहे तुला.’ आईच्या माघारी तुम्ही वाढवलेलं, तेव्हा तुमची शपथ म्हणजे काय हे सांगायला नको. तारीख गेली. पुढच्या वर्षी औषधाच्या दुकानाची पाटी रंगवताना शिडीवरच डोळ्यांत लाल पडदा उतरला. एक पाय, मग दुसरा, असं हाताने धरून मी त्यांना खाली उतरवलं. हातातला ब्रश त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. पुढे पडदाच ओढला जाऊन सुटला, ऑपरेशनं झाली, उपयोग झाला नाही.

तुम्ही विचारलंय काय करावं. तुमचंच उत्तर तुम्हाला परत पाठवते. दिसतंय ना? दुखत नाही ना? मग कशाला डोळे जाळून घेता?

तुमची वहिनीबाई


५ फेब्रुवारी

वहिनीबाई,

हे पत्र मी रंगाच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवतेय, म्हणजे ते त्याच्या कानावर जाणार नाही. तू काय लिहिलंस ते तुझं तुला तरी कळलं का? मी त्याला अंघोळ घालून, केस विंचरून शाळेत पोहोचवलं आहे. त्याच्या तापात रात्र रात्र जागून मी स्वतः आजारी पडले आहे. मी त्याचं वाईट चिंतीन? समोरच्या बेकरीवाल्याने तो लेझर करून घेतला आणि महिन्याभरात त्याला पाव दिसेना, ग्राहक दिसेना. हे मी रोज खिडकीतून पाहत होते. मग भावाला त्याच खड्ड्यात ढकलू? भीतीने बोलले मी. प्रेमाच्या भीतीने. ते तुला कधी कळायचं नाही, कारण तुला पहिल्यापासून माझा पोटशूळ आहे.

आणि माझी काळजी करू नकोस, तू करत नाहीसच म्हणा. चष्मा बदललाय. धागे येतात नि जातात. सध्या मला वेगळाच ताप आहे. स्वयंपाकघराच्या दाराची चौकट मधेच आत वाकलीय. पोट आत घेतलेल्या माणसासारखी. सुताराला बोलावलं. त्याने पट्टी लावली, ओळंबा सोडला आणि म्हणाला, बाई, चौकट सरळ आहे. मी म्हटलं, मेल्या, मला डोळे आहेत. तो म्हणाला, मलाही आहेत. बहुतेक पिऊन आला होता. दुसरा सुतार बघतेय.

त्याला माझं काही सांगू नकोस. खुशाल आहे म्हण.

अक्का


२० फेब्रुवारी

अक्का,

नमस्कार. लिहायचा असतो म्हणून लिहिला.

तुमचं पत्र दुकानात गल्ल्याशी उभी राहून वाचलं. चौकटीपाशी आले आणि मला हसू फुटलं. मालकाने विचारलं, चांगली बातमी का? मी म्हटलं, हो, फार चांगली. अगदी खरं सांगते, इतका आनंद मला तीन वर्षांत झाला नव्हता.

कारण तुमच्या भावाने हेच केलं होतं. रंगवलेली ओळ मधेच वाकडी दिसायला लागली, तेव्हा त्यांनी फळी लाकूडवाल्याकडे परत पाठवली. दुसरी आणली, तीही परत पाठवली. त्या बिचाऱ्या लाकूडवाल्याशी अबोला धरला. तुमच्या घराण्यात डोळा बिघडला की लाकडाला दोष द्यायची रीत दिसते.

तेव्हा नीट ऐका. सुतार शुद्धीत होता. तुमच्या पडद्याच्या मधोमध, जिथून आपण बारीक बघतो तिथे, पाणी साचलंय. म्हणून सरळ रेघ वाकडी दिसते. धागे म्हणजे आत थोडं थोडं रक्त उतरतंय. दवाखान्यांच्या बाकांवर बसून बसून मला एवढं पाठ झालंय. एक डोळा हाताने झाकून चौकटीकडे बघा, मग दुसरा झाकून बघा. लाकडात दोष असता तर दोन्ही डोळ्यांना सारखाच दिसला असता.

हे मला लिहायचं नव्हतं. चार-पाच दिवस मी गप्प बसायचंच ठरवून होते. दुकानात रंग ढवळताना सारखं मनात येई, आता अक्काला सुईत दोरा ओवता येत नसेल, आता समोरची बेकरी दिसत नसेल. बरं वाटायचं. मग एका संध्याकाळी यांना हाताला धरून घरी नेताना पुढचं चित्र डोळ्यांसमोर आलं. तुमचीही दृष्टी गेली तर तुम्ही इथेच येणार. दुसरं आहे कोण तुम्हाला? दोघं बहीणभाऊ शेजारी शेजारी खुर्च्या टाकून बसणार. हे तुमचा हात हातात घेऊन रडणार. आंधळ्या बाईला कोण काय विचारणार? तुम्ही केलेलं तुम्हाला दिसणारच नाही. सगळं माफ. आणि मी दोघांना चहा देणार.

ते मी होऊ देणार नाही. मला तुमचे डोळे शाबूत हवेत, अक्का.

चष्म्याच्या दुकानात नाही, डोळ्यांच्या पडद्याच्या डॉक्टरकडे जा. आजच जा. थेंब घालून बाहुल्या मोठ्या करतील, दोन-चार तास सगळं भगभगीत दिसेल, सोबत कुणाला तरी न्या. मशीनपुढे हनुवटी टेकवून पडद्याचा फोटो काढतील. मग इंजेक्शन आणि लेझर, काय सांगतील ते. सुई डोळ्यातच देतात. हे मी तुम्हाला घाबरवायला सांगतेय, पण ते खरंही आहे. रक्तातली साखर तपासा, आतून कळत नसते ती.

बरं झालं की इथे या. भर दुपारी, उजेडात, तुमच्या भावासमोर बसा आणि बघा. काय दिसलं ते मला लिहून कळवा. एवढंच मागणं. तोवर तुमचं कुठलंही पत्र मी त्यांना वाचून दाखवणार नाही.

वहिनी


१८ मार्च

वहिनी,

उजवा डोळा झाकला तर चौकट सरळ दिसते. डावा झाकला तर वाकडी. दिवसभर मी दारात उभी राहून आलटून-पालटून डोळे झाकत होते. मग सुताराला निरोप पाठवला की माझं चुकलं. त्याला काही समजलं नसेल.

गेले डॉक्टरीणबाईंकडे. माझ्या जुन्या विद्यार्थिनीच्या वयाची पोरगी. डोळ्यात प्रकाश टाकून तिने तपासलं. मग फोटो दाखवला. माझ्या डोळ्याच्या आत लाल ठिपके, पिवळे डाग, शाई सांडल्यासारखं एका कडेला. मी म्हटलं, हे इतके दिवस माझ्या आत होतं आणि मला दुखलंसुद्धा नाही? ती म्हणाली, हा आजार दुखत नाही हीच तर याची लबाडी आहे, आजी. दुखला असता तर लोक वेळेवर आले असते.

उजव्या डोळ्यात इंजेक्शन झालं. आधी बधिर करायचे थेंब टाकतात. सुई दिसत नाही, नुसता दाब जाणवतो. दर महिन्याला यायला सांगितलंय, पाणी उतरेपर्यंत. लेझर दोन्ही डोळ्यांना. हिरवे लखलखाट, एकामागून एक, मधूनच आत टोचल्यासारखं. माझी कीव कर म्हणून नाही लिहीत, तू विचारलं नाहीस तरी सांगतेय.

त्या मुलीने विचारलं, घरात आणखी कुणाला आहे? मी म्हटलं, भावाला. ती म्हणाली, त्यांची दृष्टी वाचली का? मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, उशीर झाला असणार. मी मान हलवली.

परतताना बेकरीत गेले. इतकी वर्षं खिडकीतून बघत होते, विचारलं कधीच नव्हतं. त्याला म्हटलं, लेझरने तुमचे डोळे गेले ना? तो म्हणाला, कोण म्हणतं? डोळे आधीच गेले होते, मी गेलोच उशिरा. उरलंसुरलं लेझरने टिकलं म्हणून तर तुम्ही उभ्या आहात एवढं दिसतंय.

वहिनी, मी तिथे येणार नाही. तू म्हणशील ते दुसरं काहीही करीन. त्याच्यासमोर बसायला सांगू नकोस. मला तेवढं धैर्य नाही.

अक्का


२ एप्रिल

अक्का,

धैर्याचं मी विचारलंच नव्हतं.

इंजेक्शनं चुकवू नका. डॉक्टरीण बाई म्हणतील तोवर घ्या, आणि त्यानंतर गाडीत बसा. मी तुमच्या भावाला अजून काही सांगितलेलं नाही. रोज विचारतात, अक्काचं पत्र नाही आलं? मी म्हणते, टपाल रेंगाळलं असेल. तुम्ही आला नाहीत तर मी जानेवारीचं पत्र काढून, गाळलेल्या भागासकट, त्यांना वाचून दाखवीन, आणि पाठोपाठ बेकरीवाल्याचंही. आवाज न चढवता, शांतपणे. मला वाचायची सवय झालीय.

तुम्ही आलात तर एक शब्द बोलणार नाही.

वहिनी


२९ जून

वहिनी,

घरी पोहोचले. तू सांगितलं होतंस, काय दिसलं ते लिहून कळव. लिहिते. तू दारात उभी होतीस, तुझ्याकडे त्याची पाठ होती. त्याचा चेहरा फक्त मला दिसत होता.

तो खुर्चीत बसला होता. सदऱ्याची गुंडी चुकीच्या काजात गेली होती. डावा डोळा पांढुरका झालाय, उजवा चांगला दिसतो, पण तो कुठे बघतो ते कळत नाही. मी ‘धाकट्या’ म्हटलं, तसा तो खुलला. लहानपणी शाळा सुटल्यावर मला बघून खुलायचा तसाच. आणि सगळं हसू त्याने माझ्या डाव्या बाजूच्या कपाटाला दिलं. कपाटाकडे बघून तो म्हणाला, अक्का, बारीक झालीस का गं? मी जागची हलले नाही. मला वाटलं हलून त्या नजरेच्या रेषेत जावं. मग वाटलं नको, आवाज हलला की त्याला कळेल.

मी त्याला डोळ्यांचं सांगितलं. इंजेक्शन, लेझर, सगळं. तो हरखला. म्हणाला, दिसतंय ना आता? मी म्हटलं, सुईत दोरा ओवते. त्याने माझा हात शोधला, सापडल्यावर घट्ट धरला. मग विचारलं, लेझर दुखतो का फार?

मी काय सांगणार होते? म्हटलं, नाही. जरासं टोचतं.

त्याने माझ्या हातावर थोपटलं. मग हसला, आपल्याच खुळेपणावर हसावं तसा. म्हणाला, एवढंच? मग मीच उगाच घाबरलो होतो. तुम्ही दोघी बिचाऱ्या, माझ्या भित्रेपणाचा त्रास तुम्हाला.

वहिनी, त्याला शपथ आठवतच नाही. किंवा आठवते आणि माझ्यासाठी त्याने ती पुसून टाकलीय, मला ठरवता येत नाही. मी तोंड उघडलं. ‘धाकट्या, तू नव्हतास घाबरलास’ एवढं जिभेवर आलं होतं. तेवढ्यात तू हातातला कप फरशीवर टाकलास. तो दचकला, ‘काय फुटलं’ म्हणाला, आणि ते गेलंच. कप हातातून निसटला नव्हता. मला आता दूरचं चांगलं दिसतं.

का फोडलास?

अक्का


१० जुलै

अक्का,

होय, मुद्दाम फोडला. चांगला कप होता.

तुम्ही बोलला असतात तर त्यांनी तिथल्या तिथे माफ केलं असतं. तुम्ही पाहिलंत ना, त्यांना दुसरं काही येतच नाही. तुम्ही रडला असतात, मोकळ्या झाला असतात, आणि हलक्या मनाने गाडीत बसला असतात. तुमच्या गळ्यातली शपथ मी तुम्हाला अशी काढू देणार नाही. तुम्हाला दिसलं ते तुमच्याजवळच राहू दे.

एक मात्र मला कपाटाचं माहीत नव्हतं. माझ्याकडे बघून हसायचं झालं की ते कायम माझ्या आवाजाच्या मागोमाग वळतात, म्हणून मला वाटायचं त्यांना माझा चेहरा जवळजवळ सापडतो. आता रोज संध्याकाळी बोलायच्या आधी मी त्यांच्या नजरेच्या रेषेत जाऊन उभी राहते आणि मगच हाक मारते. ते मला बघून हसतात. मी दिसत नाही हे मला ठाऊक असतं. तरी मी तिथून हलत नाही.

तुम्ही गेल्यापासून ते दररोज मला एकच विचारतात, जेवताना, झोपताना: ‘लेझर दुखत नाही म्हणजे मग एवढंसंच ना गं ते?’ मी हो म्हणते. त्यांना दुसरं काही विचारायचं नाही. हे मी तुम्हाला कळवायचं ठरवलं, कारण तेही तुम्हाला दिसायला हवं होतं आणि तुम्ही निघून गेला होतात.

साखर तपासत जा. डॉक्टरीण बाईंची पुढची तारीख ऑगस्टमध्ये आहे ना? तपासणी झाली की लगेच इथे या. पुढच्या तपासणीनंतर पुन्हा या. त्यांना न्हाव्याच्या पाटीचा उरलेला रंग कसा दिसतो ते तुमच्याकडून ऐकायचंय, मी सांगितलेलं त्यांना पटत नाही. कपाट मी हलवणार नाही. तुम्ही त्याच खुर्चीत बसायचं.

एकही तपासणी चुकवू नका, अक्का. तुमचे डोळे मला अजून खूप वर्षं हवेत.

वहिनी